एकाच तारेखालून

विजेची तार रस्ता ओलांडून जात असेल, तर ती जमिनीपासून किमान किती उंच असावी याचा नियम आहे. 5.8 मीटर, म्हणजे साधारण एकोणीस फूट. 1981 ते 2007 अशी सव्वीस वर्षं मी भिवंडीत वायरमन होतो. हा आकडा मी गणपती मंडळाच्या पोरांना सांगितला, ईद-ए-मिलादच्या जुलूससाठी टेम्पोवर कमान उभारणाऱ्यांना सांगितला, उरुसाची संदल काढणाऱ्यांना आणि शिवजयंतीचा रथ सजवणाऱ्यांनाही सांगितला. पावसात खांब कलतात, उन्हानं आणि लोडनं तारेला झोळ पडतो आणि एकोणीस फुटांवरची तार चौदावर कधी आली ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मिरवणुकीच्या आधी फुटाफुटावर रंगाच्या खुणा केलेला लांब सुका बांबू घेऊन सगळा रस्ता पायी तपासायचा. जिथे बांबू टेकेल तिथे तार ओढून घ्यायची.

दोन धर्मांची माणसं एका गावात सलोख्यानं कशी राहतात, असं मला विचारणारे भेटतात. भिवंडीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे विचारलं जाणारच. मी त्यांना त्या बांबूबद्दल सांगतो.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. गल्लीत शिरण्याआधी साच्यांची खटखट कानावर येते, गल्ली नंतर दिसते. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं इथे आली, ती मोमीन-अन्सारी. कोकणी मुसलमान त्याही आधीपासूनचे, घरात मराठीच्या अंगानं जाणारी बोली बोलणारे. आगरी, कोळी, कुणबी इथलेच. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली. सुताचे आणि कापडाचे व्यापारी गुजराती-मारवाडी. साचा एकाचा, सूत दुसऱ्याचं, जागा तिसऱ्याची, साचा चालवणारा आझमगढ नाहीतर करीमनगरचा, आणि त्याचं दोन वेळचं जेवण बिसीत. बिसी म्हणजे कामगारांची खानावळ. असा सगळा गुंता.

लोक म्हणतात, पोट एकमेकांवर अवलंबून असलं की माणसं भांडत नाहीत. भिवंडीनं हे दोनदा खोटं पाडलं. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि एकट्या भिवंडीत पंचाहत्तरहून जास्त माणसं गेली. जळगाव आणि महाडमध्येही त्या आगीच्या ठिणग्या पडल्या. न्यायमूर्ती दिनशा मादन यांच्या आयोगानं तिन्ही ठिकाणची चौकशी केली. पुढे मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली, ठाणे आणि मुंबईपर्यंत लोण गेलं, आणि सगळीकडचे मिळून अडीचशेहून जास्त लोक मेले. दोन्ही वेळा सूत, साचा, मजुरी हे सगळं जसंच्या तसं गुंतलेलं होतं.

1984 ला मी इथेच होतो. माझं घर ज्या आळीत आहे तिचं नाव लिहीत नाही. एका अंगाला आमची आळी, मागच्या अंगाला मोमिनांचा मोहल्ला, मध्ये कारखान्यांची रांग. दोन्हीकडचा पुरवठा एकाच डी.पी.वरून, म्हणजे एकाच वितरण पेटीवरून. दंगलीतल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास खांबाखाली एक हातगाडी पेटवली गेली. आचेनं तारा सैल पडून एकमेकींना चिकटल्या, फ्यूज उडाला आणि दोन्ही गल्ल्या काळोखात गेल्या. त्या काळोखात जे झालं ते लिहायचं बळ मला अजून आलेलं नाही.

दंगल शमली आणि मग माझ्या कानावर यायला लागलं. आमच्या आळीत म्हणत होते, वायरमननं मोहल्ल्याकडून पैसे खाल्ले आणि लाइट घालवला. मोहल्ल्यात म्हणत होते, वायरमन हिंदू, त्यानं आपल्या माणसांसाठी बत्ती काटली. ही दोन्हीकडची माणसं मला तीन वर्षं ओळखत होती. त्यांच्या घरात मी पंखे लावले होते, मीटर बसवले होते, चहा प्यायलो होतो. तरी कुणी समोर येऊन विचारलं नाही. चार वर्षं मी ते अंगावर वागवलं. माझ्या बायकोला नळावर बायका टाळायच्या, तेही तिनं सोसलं.

तेव्हा मला एक कळलं, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत ते पक्कं होत गेलं. धंद्यातली ओळख ही कामापुरती असते. शेठ आणि मजूर, गिऱ्हाईक आणि वायरमन. संध्याकाळी दिवे लागले की ती संपते. एकमेकांना अवघड प्रश्न विचारता यावा इतकी ती ओळख नसते.

1988 साली सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. 1984 ची दंगल कुठे, कशी, कुणामुळे पसरली याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांनी शहराचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक मोहल्ला समिती दिली. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सारख्याच संख्येनं. आणि प्रत्येकीची जबाबदारी त्या भागातल्या पोलिसावर.

वाचकाला वाटेल, शांतता समित्या तर सगळीकडेच असतात. त्यात आणि यात फरक आहे आणि तोच समजून घ्यायला हवा. शांतता समिती दंगलीनंतर, नाहीतर सणाच्या आदल्या दिवशी बसते. पोलीस ठाण्यात खुर्च्या मांडतात, दोन्ही बाजूंचे पुढारी येतात, एकमेकांना गुलाब देतात, फोटो निघतो आणि पांगतात. त्यातले काही पुढारी तर अशांततेवरच जगत असतात. मोहल्ला समिती मात्र काहीही झालेलं नसताना बसायची. तिच्यात पुढारी नव्हते. आमच्या समितीत दोन कारखानदार होते, एक पानवाला, एक दवाखान्याचे डॉक्टर, उर्दू शाळेचे एक मास्तर आणि मराठी शाळेचे एक, मंडळाची दोन पोरं, भाजीवाला, आणि मी. बोलणं व्हायचं ते गटाराचं, नळाच्या वेळेचं, कारखान्याच्या भिंतीला लागून बांधलेल्या म्हशीचं, भाडेकरूच्या डिपॉझिटचं. पहिल्या काही बैठकांत मला वाटलं, हा वेळेचा नास आहे. दंगलीबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

चौथी की पाचवी बैठक असेल, सुताच्या गोडाऊनमध्ये. म्हशीचं भांडण मिटलं होतं. सगळे उठणार, तेवढ्यात मोहल्ल्यातले एक वयस्क कारखानदार, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो, माझ्याकडे वळून म्हणाले, "वायरमन साब, एक बात पूछनी है. उस रात बत्ती किसने काटी थी?"

गोडाऊनमध्ये कुणी हललं नाही. मग आमच्या आळीतला भाजीवाला मध्येच बोलला, "ते तर तुमच्या लोकांनी पैसे देऊन..." आणि थांबला. चाचा त्याच्याकडे बघत राहिले. आपला जो संशय होता, त्याच्या बरोबर उलटा समोरच्याचाही होता, आणि माणूस एकच होता, हे दोघांना एकाच क्षणी कळलं.

पुढच्या बैठकीला मी एक लाकडी बोर्ड घेऊन गेलो. त्यावर किटकॅट फ्यूज, दोन उघड्या तारा आणि एक बल्ब. तारा एकमेकींना टेकवल्या की फ्यूज कसा उडतो ते दाखवलं. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, पुन्हा दाखवलं. मग डी.पी. कुठे आहे, दोन्ही गल्ल्या तिच्यावर कशा आहेत, एक घालवून दुसरी चालू ठेवणं तिथून का शक्य नव्हतं, हे खडूनं जमिनीवर काढलं. चाचांनी विचारलं, "मग चार वर्षं बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "कुणी विचारलंच नाही." त्यांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण सांगायला मीही कधी गेलो नव्हतो.

म्हशीच्या आणि गटाराच्या बैठका वाया गेल्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी समजलं. त्या झाल्या नसत्या तर चाचांच्या तोंडून तो प्रश्न निघालाच नसता.

बांबूचं काम समितीनं आपलं म्हणून घेतलं ते त्यानंतर. आधी मी आणि एक हेल्पर असे दोघेच रस्ता तपासायचो. आता हवालदार, मंडळाचा एक, मोहल्ल्याचा एक असे बरोबर यायला लागले. आणि 1991 साली खरी परीक्षा आली. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकमेकींना खेटून आल्या. 1992 ला पुन्हा तेच.

हे असं का होतं ते उर्दू शाळेच्या मास्तरांनी मला समजावून सांगितलं होतं आणि ते मला इतकं आवडलं की मी ते आजही सांगतो. हिंदू पंचांग आणि हिजरी कॅलेंडर, दोन्ही महिने चंद्रावर मोजतात. हिजरी महिना चंद्राची कोर दिसली की सुरू होतो, म्हणजे आपली अमावस्या उलटून दिवस-दीड दिवसानं. त्यामुळे त्यांची दहा तारीख साधारण आपल्या एकादशीच्या जवळ येते आणि बारा तारीख त्रयोदशी-चतुर्दशीच्या. मिलाद असते बारा तारखेला. अनंत चतुर्दशी चौदाव्या तिथीला. म्हणजे भाद्रपद आणि रबिउल अव्वल हे महिने एकमेकांवर आले, की या दोन मिरवणुका समोरासमोर येणारच. पण हे दर वर्षी होत नाही. बारा चांद्रमहिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी भरतात. आपण दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना घालून ते भरून काढतो. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून त्यांचे सण मागे सरकत सरकत तेहेतीस वर्षांनी फिरून त्याच ठिकाणी येतात. दोन अधिक महिन्यांच्या मधली दोन-तीन वर्षं सण जोडीनं चालतात, मग अधिक महिना पडतो आणि ते सुटतात.

याच हिशेबानं दहा जिल्हजची बकरी ईद आणि आषाढी एकादशी 2022 साली 10 जुलैला आणि 2023 साली 29 जूनला अगदी एकाच दिवशी आल्या. 2023 ला पंढरपूरच्या मुसलमानांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न देण्याचं ठरवलं. 28 सप्टेंबर 2023 ला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. 2024 ला तो 18 सप्टेंबरवर नेला, 2025 ला 8 सप्टेंबरवर. सलग तीन वर्षं. वर्तमानपत्रात ही चार ओळींची बातमी असते. पण पुढे ढकलणं म्हणजे किती कामं, हे मिरवणूक काढणाऱ्यालाच माहीत. टेम्पो, बँड, जेवणाची ऑर्डर, सुट्टी, परगावचे पाहुणे, शिवाय "आपणच का ढकलायचं?" असं विचारणारी घरातली तरणी पोरं. त्या पोरांना समजावणारा कुणीतरी बसलेला असतो, म्हणून ते होतं.

1991 च्या सप्टेंबरमध्ये आमच्याकडेही "आपणच का" हा प्रश्न आला, दोन्हीकडून. एका रस्त्यावर दोन मिरवणुका, आणि रस्ता एवढा अरुंद की समोरून दोन रिक्षा आल्या तर एकीला थांबावं लागतं. समितीनं रस्ता चालून पाहिला. मी बांबू धरला होता. चाचांनी घड्याळ. मंडळाच्या अध्यक्षानं वही. कुठे मशीद येते, तिथे नमाज किती वाजता, ढोल कुठून कुठपर्यंत बंद. कुठे मंदिर येतं, आरती किती वाजता, जुलूसमधलं नातगायन कुठे थांबवायचं. ध्वजाची काठी किती फुटी. मूर्ती किती फुटी. ही यादी मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो, कारण एका ठिकाणी तार पंधरा फुटांवर होती आणि दोन्हीकडच्या लोकांनी मिळून मला शिडी धरली. मूर्ती वऱ्हाळा तलावाकडे गेली, जुलूस आपल्या वाटेनं गेला. त्यात नवल काही घडलं नाही, एवढंच सांगायचं आहे. 1992 च्या सप्टेंबरमध्ये तर वही तयारच होती, तीच काढली.

आणि तीन महिन्यांनी 6 डिसेंबर आला. रविवार होता. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली.

7 तारखेच्या रात्री मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर एक बातमी येत होती. अकराच्या सुमारास आमचा लाइट गेला. दोन्ही गल्ल्या, 1984 सारख्याच. अंथरुणात उठून बसलो तेव्हा माझे हात कापत होते, हे मला लपवायचं नाही. बायको म्हणाली, जाऊ नका. मी चपला शोधत होतो, तेवढ्यात दार वाजलं.

दारात पेट्रोमॅक्स घेऊन चाचा, त्यांच्यामागे त्यांची दोन मुलं. बाजूला बॅटरी घेऊन मंडळाचा अध्यक्ष. तो आमच्याच आळीतून आला होता, ते मागच्या गल्लीतून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, "चलिए वायरमन साब, हम नीचे खड़े हैं."

जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळाला होता, दहा मिनिटांचं काम. मी खांबावर चढलो. शिडीचा एक पाय चाचांच्या मोठ्या मुलानं धरला होता, दुसरा भाजीवाल्यानं. खाली माणसं जमायला लागली. वरून मला दोन्ही गल्ल्यांची तोंडं दिसत होती आणि दोन्ही तोंडांवर समितीची माणसं उभी राहून येणाऱ्याला सांगत होती, "जंपर जळालाय. वायरमन वर आहे. बघा." चार वर्षांपूर्वी बोर्डावर फ्यूज उडताना पाहिलेली तीच माणसं. लाइट आला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि चाचांनी त्याला गप्प केलं.

पहाटे तीनपर्यंत आम्ही कोपऱ्यावर बसलो. बिसीवाल्या तेलुगू बाईनं चहा पाठवला, पैसे घेतले नाहीत. हवालदाराकडे एक कागद होता, त्यावर सगळ्या समित्यांच्या माणसांचे पी.पी. नंबर, म्हणजे शेजाऱ्याकडच्या फोनचे नंबर, लिहिलेले. दर थोड्या वेळानं तो समोरच्या दुकानातल्या फोनवरून कुणाला तरी उठवायचा. पाण्याच्या टाकीत विष घातल्याची अफवा आली. टाकीशेजारच्या समितीच्या माणसाला फोन केला, तो टाकीवर जाऊन पाणी पिऊन आला आणि त्यानं तसं कळवलं. अफवा तिथेच संपली.

त्या डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे. दोनदा जळलेली भिवंडी तासाभराच्या अंतरावर होती. ती जळली नाही. खोपड्यांची तोपर्यंत बदली झाली होती, त्यांच्यामागून आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. मुंबई पेटली आणि भिवंडी का नाही, यावर खोपड्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं. मी असं म्हणणार नाही की सगळं समित्यांनीच केलं. पोलीस त्या दिवसांत कडक होते, लवकर हलत होते, हेही तितकंच खरं. पण कुठे हलायचं हे त्यांना कळत होतं ते त्या कागदावरच्या नंबरांमुळे.

मुंबईनं मग भिवंडीकडून हे घेतलं. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं 1994 मध्ये तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. त्यांचे क्रिकेटचे सामने प्रसिद्ध आहेत, मोहल्ल्यातली पोरं आणि पोलीस एकाच मैदानावर. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी दंगलीनंतर गल्लोगल्ली काम केलं. वकार खान कपडे शिवण्याचा छोटा धंदा करणारे. त्यांनी चार लहान मुलांना चार धर्मांचे वेश घालून एक पोस्टर काढलं, ते पुढे सगळीकडे लागलं. या दोघांवर 'नाता' नावाचा माहितीपटही झाला. मला त्या पोस्टरपेक्षा ते दोघे वर्षानुवर्षं एकत्र हिंडत राहिले हे जास्त मोठं वाटतं.

निवृत्त झाल्यावर माझ्या मुलीनं मला आशुतोष वार्ष्णेय यांच्या 2002 सालच्या पुस्तकाबद्दल सांगितलं, त्यातला काही भाग वाचून दाखवला. हे राज्यशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी शहरांच्या जोड्या घेतल्या, एक दंगलीचं, एक शांत. कोझिकोड आणि अलिगढ ही त्यातली एक जोडी. दोन्हीकडे मुसलमानांचं प्रमाण जवळपास सारखं. तुम्ही एकमेकांबरोबर अनेकदा जेवता का, असं विचारल्यावर कोझिकोडमध्ये 83 टक्के लोक हो म्हणाले, अलिगढमध्ये 54. मुलं एकमेकांत खेळतात का? कोझिकोडमध्ये 90 टक्के, अलिगढमध्ये 42. पण मला खरं भिडलं ते त्यांचं पुढचं म्हणणं. गावात रोजच्या शेजारानं भागतं. शहरात शेजार पुरत नाही. तिथे दोन्ही धर्मांची माणसं एकत्र असलेल्या संघटना लागतात, व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, डॉक्टरांच्या, वाचनालयांच्या. माणसं बदलली, मेली, गाव सोडून गेली तरी संघटनेची बैठक ठरलेल्या दिवशी बसते. मुलगी वाचत होती आणि मला सुताचं गोडाऊन दिसत होतं. आमचे पंखे, चहा, मजुरी 1984 ला कमी का पडले, याचं उत्तर मला पंचवीसहून जास्त वर्षांनी मिळालं.

मात्र बैठक बसत राहिली पाहिजे. आमची बसेनाशी झाली. दंगल नाही म्हटल्यावर लोकांना वाटलं, आता कशाला. हवालदार बदलत गेले, नव्या माणसाला जुना कागद म्हणजे रद्दी वाटायचा. चाचा गेले. जुलै 2006 मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे गेले आणि दोन पोलिसांना जमावानं जिवे मारलं. ती हिंदू-मुसलमान दंगल नव्हती. पण ज्या शहरात पोलीस आणि मोहल्ला एका गोडाऊनमध्ये बसून म्हशीचं भांडण मिटवत होते, त्या शहरात हे झालं. त्या रात्री मी खूप रडलो. समिती पोलिसांच्या जिवावर उभी होती, आमच्या स्वतःच्या नाही, ही तिची उणीव होती. साहेब चांगला तोवर समिती चांगली.

दुसरी उणीव आमची स्वतःची. आमच्या समितीत एकही बाई नव्हती. माझ्या बायकोला नळावर टाळलं गेलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की अफवा आधी कुठे पोचते आणि ती खोडायला कोण लागतं. बिसीवाली बाई रात्री तीनला चहा पाठवू शकत होती, तिला खुर्ची द्यायचं आम्हाला सुचलं नाही.

2007 मध्ये भिवंडीचं वीजवितरण खासगी कंपनीकडे गेलं, माझी बदली झाली, तीन वर्षांनी मी निवृत्त झालो. घर इथेच आहे. मुलीनं आणि तिच्या बरोबरीच्यांनी काही वर्षांपूर्वी पुन्हा बसायला सुरुवात केली, यावेळी पोलिसांनी बोलावलं म्हणून नाही. हवालदाराला आमंत्रण जातं, तो आला तर ठीक. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उर्दू शाळेच्या व्हरांड्यात. निम्म्या बायका. मोबाइलवर काही भडक आलं की आधी त्यांच्या गटात टाकायचं, कुणीतरी जागेवर जाऊन बघायचं, मग बोलायचं. विषय तेच. गटार, पाणी, आता म्हशीच्या जागी पार्किंग. मी जातो, मागे बसतो.

आता तारांपेक्षा केबलवाल्यांचा आणि इंटरनेटवाल्यांचा त्रास जास्त. एका खांबावर वीस-वीस वेटोळी, आणि ती कुणाच्याच नियमात बसत नाहीत. 2025 ला मिलाद 5 सप्टेंबरला होती आणि विसर्जन 6 ला. 4 तारखेला सकाळी सगळे रस्ता तपासायला निघाले. माझा खांदा आता वर जात नाही, म्हणून बांबू चाचांच्या नातीकडे दिला. ती इंजिनीअरिंगला आहे. खुणा मी पुन्हा रंगवून दिल्या होत्या. चार ठिकाणी ठीक होतं. पाचव्या ठिकाणी, माझ्याच जुन्या डी.पी.च्या अलीकडे, बांबू केबलला टेकला. "चौदा!" ती ओरडली. मंडळाच्या अध्यक्षाच्या मुलानं वहीत लिहिलं आणि केबलवाल्याला फोन लावला. केबलवाला म्हणाला, उद्या बघतो. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"कल नहीं भैया, आज," ती म्हणाली. "परसों विसर्जन है."